जानूच्या नावावरचा नंबर

मंगळवारी सकाळी साडेसातला दमयंतीचा फोन बंद पडला. तिच्यासमोर घमेलंभर कोलंबी होती, पाटीत सहा चिंबोऱ्या नांग्या बांधून पडल्या होत्या, आणि त्यांचा फोटो काढून ती ग्रुपवर टाकत होती. फोटो निघाला, पण गेला नाही. वरच्या कोपऱ्यातल्या नेटवर्कच्या काड्या जाऊन तिथे फुली आली होती. तिने फोन बंद करून चालू केला, पदराला पुसला, ओट्यावर आपटायचा तेवढा बाकी ठेवला. फुली काही हलली नाही.

तो नंबर म्हणजे दमयंतीचं दुकान. करावे गावातल्या तिच्या घरापासून सीवूड्सचे टॉवर चालत पंधरा मिनिटांवर. तिथल्या तीनशेवर घरांत हा नंबर ‘दमयंती मासळी’ म्हणून साठवलेला होता. पूर्वी ती पाटी घेऊन त्या फाटकांवर उभी राहायची आणि वॉचमन तिला आत सोडायचे नाहीत. मग चौदाव्या मजल्यावरच्या अमिता मॅडमनी तिला फोटो काढून पाठवायला शिकवलं, शेजारणीला तिचा नंबर दिला, शेजारणीने नणंदेला दिला. नऊ वर्षांत तीन ग्रुप झाले. कुणाला बोय काटे काढून लागते, कुणाच्या सासऱ्याला जिताड्याचं डोकंच हवं असतं, कुणाच्या घरी गुरुवारी चुकूनही मासळीचा फोटो जाता कामा नये, हे सगळं दमयंतीला पाठ होतं. नवरा देवजी खाडीत जाळं टाकायचा आणि दमयंती विकायची. संसार त्या नंबरावर चालला होता असं म्हटलं तरी चालेल.

आणि तो नंबर तिच्या नावावर नव्हता.

यात तिची चूक म्हणावी तर एवढीच, की तिने जन्मभर कोलंबी सोलली आणि कालवं फोडली. त्यात बोटांवरच्या रेषा झिजून गेल्या. नऊ वर्षांपूर्वी सिम घ्यायला गेली तेव्हा दुकानदाराच्या मशीनने तिचा अंगठा पाच वेळा नाकारला. मागे रांग लागलेली. दुकानदार वैतागून म्हणाला, घरातल्या दुसऱ्या कुणाचा तरी अंगठा द्या. धाकटा दीर जानू शेजारीच उभा होता, त्याने दिला. अर्ध्या गावात हेच चालतं. ज्या घरात ज्याचा अंगठा मशीनला पटतो, त्याच्या नावावर सगळ्यांचे नंबर. कायद्याने एका माणसाला नऊ नंबर घेता येतात आणि जानूच्या नावावर नऊच्या नऊ होते. त्या नऊ सिमकार्डांच्या रिकाम्या चौकटी त्याने मिठाईच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या. डबा उघडून दाखवताना तो आपण घर चालवतो अशा थाटात बोलायचा.

फोन घेऊन दमयंती जानूच्या घरी गेली. घर म्हणजे तिच्याच घराच्या वरचा मजला. जानू झोपाळ्यावर बसून क्रिकेटच्या स्पर्धेचं पत्रक वाचत होता. त्याचा मुलगा प्रितेश सोफ्यावर आडवा पडून दोन्ही अंगठ्यांनी फोनवर काहीतरी लिहीत होता.

“भावजी, माजा फोन बंद परला,” ती म्हणाली. “दुकानात जाऊन बगता का? फोटो गेला नाय अजून.”

“बंद नाय परला, वयनी,” जानू म्हणाला. “पोर्ट झाला. आपले सगले नंबर तरंगवर गेले.”

तरंग मोबाइल ही नवी कंपनी. गेले चार महिने करावे, दारावे, सारसोळे असं एक गाव तिने सोडलं नव्हतं. करावे गावात आधीच प्रत्येक माणसाकडे दोन सिम होती, काहींकडे माणसापेक्षा फोन जास्त होते. नवीन गिऱ्हाईक जन्माला घालायची सोय कंपनीकडे नव्हती, म्हणून दुसऱ्या कंपनीची गिऱ्हाइकं ओढून आणायची. याला त्यांच्याकडे वाढीची संधी म्हणतात. कंपनीचा एरिया मॅनेजर प्रणय हा गोड बोलणारा माणूस. गावात उन्हातान्हात दारोदार हिंडायची गरज नाही, एक क्रिकेटची टीम धरली की पुरे, हे त्याने बरोबर हेरलं होतं. अंडरआर्म क्रिकेटच्या स्पर्धेवर इथली गावं जीव टाकतात. टीमने गावातून दोनशे नंबर तरंगवर आणायचे. कंपनी मंडप घालणार, जर्सी देणार, यूट्यूबवर सामने दाखवणार. यंदाची स्पर्धा तर जानूच्या आणि देवजीच्या वडिलांच्या नावाने होती, कै. नामा स्मृती चषक. मग काय विचारता. म्हाताऱ्या आयांचे, परगावी नांदणाऱ्या लेकींचे नंबरसुद्धा पोरांनी सोडले नाहीत.

“मना कोनी इचारला?” दमयंतीने विचारलं.

“इचारायचा काय त्यात? नंबर तोच राहतो. फकस्त कंपनी बदलते. टेन्शन नका घेव.”

“बरा. मग नवीन सिम द्या.”

जानू पुन्हा पत्रकात बघायला लागला. प्रितेश उठून बसला. बोलला तो अगदी सरळ, लाजबीज न वाटता, आणि दमयंतीला पुढे कितीतरी दिवस त्याच्या त्या सरळपणाचाच जास्त राग येत राहिला.

“काकी, सिम माझ्या फोनात आहे. मी मासळीचं जरा प्रोफेशनल करतोय. होम डिलिव्हरी, पापलेट, सुरमई, सगळं. तुझे तीन ग्रुप आहेत ते धरून स्टार्ट करायचा. तू कापून साफ करून दे, तुला कुठं जायची गरजच नाय.”

त्याने फोन तिच्यासमोर धरला. तिचेच ग्रुप होते. अमिता मॅडमनी विचारलं होतं, आज कोलंबी आहे का ताई, आणि खाली उत्तर गेलं होतं, हो मॅडम, फ्रेश आहे. उत्तराशेजारी दमयंतीचा फोटो होता, नथ घातलेला, हातात जिताडा धरलेला.

“ह्यो फोटो काढ.”

“फोटो तुझाच पाहिजे, काकी. लोकांचा विश्वास बसतो.”

 दमयंती जिना उतरून खाली आली आणि कोलंबी सोलायला बसली. कुणाला विकायची ते ठाऊक नसताना तिने सगळं घमेलं सोलून संपवलं.

देवजी दुपारी आला. तिने सगळं सांगितलं. तो हातपाय धूत राहिला. मग म्हणाला, “जानू काय परका हाय? घरातच हाय ना नंबर.” एवढं बोलून तो जेवायला बसला. दमयंतीला वाटलं, भावाशी भांडायला कचरतोय. बिचाऱ्याचा स्वभावच तसा, असं तिने स्वतःला समजावलं आणि त्याला वरून आणखी भात वाढला. पुढे त्या भाताची आठवण झाली की तिला स्वतःचाच संताप यायचा.

दुसऱ्या दिवशी ती पाटी घेऊन टॉवरच्या फाटकावर गेली. आता तिथे वहीत नाव लिहीत नाहीत. वॉचमनने तिला नंबर विचारला, तिने सांगितला, त्याने टॅबवर दाबला. पडद्यावर प्रितेशचा फोटो आला.

“मौसी, ये नंबर तो आपका नहीं है,” वॉचमन म्हणाला. “ये लडका सुबह आके अपना फोटो डाल के गया.”

“अमिता मॅडमको पूछो. चौदा मजला.”

त्याने इंटरकॉम लावला, दमयंती मासळीवाली आलीय म्हणून सांगितलं आणि रिसीव्हर तिच्या हातात दिला. दमयंतीने तोंड उघडायच्या आधीच मॅडमचा आवाज आला. “दमयंतीताई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती हं. काल पाठवलेली कोलंबी बर्फातली होती. वास मारत होती. माझ्या सासऱ्यांना उलट्या झाल्या. नऊ वर्षं डोळे मिटून घेतेय मी तुमच्याकडून.”

“मॅडम, ती माजी नव्हती.”

“तुमच्याच नंबरवरून आली की. तुमचा फोटो आहे, ताई.”

मग मॅडमनी फोन ठेवला. वॉचमनने दमयंतीला बाजूला उभं राहायला सांगितलं, कारण मागे डिलिव्हरीच्या गाड्या थांबल्या होत्या. लाज तिला वाटत होती, आणि ज्याला वाटायला हवी तो त्या वेळी दुसऱ्या कुठल्या तरी टॉवरच्या लिफ्टमध्ये बर्फातली मासळी घेऊन उभा असेल. शिळा माल तिने कधी घरच्या मांजरालाही घातला नव्हता. आता तीनशे घरांत तिच्या नथीच्या फोटोखाली तो चालला होता.

सीवूड्स स्टेशनबाहेर तरंगची छत्री लावून उज्वला नावाची मुलगी बसायची. मूळची साताऱ्याकडची, घणसोली गावात खोली घेऊन राहणारी. करावे गावातले सगळे नंबर तिच्याच हातून गेले होते. दमयंतीने पाटी छत्रीखाली ठेवली आणि आपला नंबर परत मागितला.

उज्वलाने नंबर तपासला. “ताई, हा जानू नामा यांच्या नावावर हाय. आमच्या हिशेबी गिऱ्हाईक त्येच. त्यांनी सही दिली तर नाव बदलतंय, नायतर न्हाई.”

“नऊ वर्सं मी वापरतंय.”

“वापरणारा कोन हे सिस्टिमला कळत न्हाई, ओ.” ती हे कुणाला तरी शंभराव्यांदा सांगावं तशा सुरात बोलली. मग तिचा आवाज खाली आला. “खरं सांगू? मला बी याची शिसारी आलीय. महिन्याला टार्गेट, न्हाई झालं तर छत्री दुसरीला. तुमच्या गावातल्या म्हाताऱ्यांना वाटतंय आपलं सिम खराब झालं. पन ताई, तुमचा नंबर तुमाला न सांगता जाऊच शकत न्हाई. पोर्टचा मेसेज जुन्या सिमवरनंच करावा लागतो, कोड बी त्याच फोनवर येतो. तो आल्याबिगर मी पुढं काय करूच शकत न्हाई.”

“मी केला नाय मेसेज.”

उज्वलाने आपल्या फोनमधला जानूचा मेसेज काढून दाखवला. कोड गेल्या गुरुवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी आला होता आणि त्याच मिनिटाला जानूने तो पुढे धाडला होता.

गुरुवारी सहा वाजता दमयंती धक्क्यावर जाळी धूत होती. फोन घरी चार्जिंगला होता. घरात देवजी एकटा होता, कारण त्या दिवशी भरती उशिरा होती. हे कळायला तिला फार विचार करावा लागला नाही. खरं तर विचार करायची वेळ आली नसती तर बरं झालं असतं.

उज्वलाने तिला नवीन सिम दिलं. मशीनने पुन्हा अंगठा नाकारला तेव्हा तिने फोन दमयंतीच्या चेहऱ्यासमोर धरला, डोळे मिटायला आणि उघडायला लावले, आणि आयुष्यात पहिल्यांदा एक नंबर दमयंतीच्या स्वतःच्या नावावर झाला. तो कुणालाच माहीत नव्हता. तीनशे घरांत तो पोचवायचा कसा, याचं उत्तर छत्रीखाली नव्हतं.

घरी आल्यावर तिने देवजीला एवढंच विचारलं, “गुरुवारी मेसेज तुमी केला?”

तो जाळं विणत होता. सुई थांबली, परत चालू झाली. “जानू बोलला, पोर्ट लिव न् पाठव. मी पाठवला. कोड आला तो त्याला दिला.”

“तुमाला ठावं होता, सिम प्रितेशला देनार?”

“बोलला होता.”

“मग मना का नाय सांगितला?”

“तू दिला नसतास.” देवजी हे अगदी शांतपणे म्हणाला. “बाबांच्या नावाचा चषक हाय. दोनशे होत नव्हते. न् प्रितेश आपलाच पोर हाय. तू किती दिस पाटी उचलशील? जानूनं सांगितलाय, मना जर्सी भेटनार, कमिटीत नाव लागनार.”

जर्सी. दमयंतीने ते नीट ऐकलं. तीस वर्षं या माणसाची मासळी तिने विकली, त्याची होडी दोनदा दुरुस्त करून घेतली, त्याला ताप आला तेव्हा चिखलात उतरून निवट्यांची मासळी काढली. या माणसाला दमयंतीच्या नंबराच्या बदल्यात पाठीवर स्वतःचं नाव छापलेली जर्सी हवी होती. तो दुष्ट असता तर ती भांडली असती. पण तो दुष्ट नव्हता, त्याला आपण काही वाईट केलंय असं खरोखरच वाटत नव्हतं. तिला त्याचा राग आला नाही. किळस आली. तो जेवला त्या ताटाची, तो झोपला त्या चटईची, त्याच्या घसा खाकरण्याच्या आवाजाची. तिने त्या दिवसापासून आपलं अंथरूण ओट्यापाशी घातलं.

शनिवारी जानू खाली आला. चेहऱ्यावरून तूप ओघळावं तसा तो खूश होता. “वयनी, उद्या फायनल हाय. प्रणय सर बोलले, तुमचा सत्कार करनार. एका नंबरावर तीनशे गिऱ्हाईक, तरंगची शान. नऊवारी नेसून या.”

“येते,” दमयंती म्हणाली. जानूला तिचा होकार इतक्या सहज मिळाला की तो जिना चढताना गुणगुणत गेला.

मैदानावर मंडप पडला होता. तरंगच्या झेंड्यांनी खाडीकडची बाजू झाकून टाकली होती. मंचाच्या मागे वीस फुटी फलकावर दमयंती उभी होती, नथ घातलेली, हातात जिताडा धरलेली, आणि खाली लिहिलं होतं, ‘दमयंतीताई आता तरंगवर!’ शेजारी तिचा जुना नंबर, ठळक अक्षरांत. एका कोपऱ्यात कै. नामांचा हार घातलेला फोटो छोटासा बसवला होता. ज्याच्या नावाने चषक, तो म्हातारा जेमतेम ताटलीएवढा आणि कंपनीचं बोधचिन्ह परातीएवढं.

करावे गाव फायनल हरलं. त्याचं कुणाला फार वाटलं नाही, कारण आतषबाजी दोन्ही बाजूंसाठी आधीच आणून ठेवली होती. समालोचक माइकवरून ओरडत होता, यूट्यूबवर चार हजार लोक बघतायत, लाइक करा, शेअर करा. पुढच्या रांगेत कमिटी बसली होती. देवजी तिथेच होता. अंगात निळी जर्सी, पाठीवर मोठ्या अक्षरांत ‘देवजी’. पोटावर ती ताणली गेली होती. तो सारखा मागे हात नेऊन आपलं नाव चाचपत होता.

प्रणयने माइक घेतला. स्त्रीशक्ती, उद्योजकता, गावागावात पोचलेलं नेटवर्क, असं काय काय तो बोलत राहिला. तेवढ्या वेळात दमयंती मंचावर चढून उभी राहिली. तिने नऊवारी नेसली नव्हती. रोजचं लुगडं होतं, धुतलेलं. प्रणयने तिच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, कॅमेऱ्यासाठी तिला थोडं डावीकडे सरकवलं आणि दोन शब्द बोला म्हणून माइक पुढे केला. जानू खाली उभा राहून टाळ्या वाजवत होता.

दमयंतीने माइक धरला.  

“मागं जो नंबर लिवलाय तो माजा नाय,” ती म्हणाली. “फोटो माजा हाय, नंबर माजा नाय. त्या नंबरावरून मासली येते ती बर्फातली हाय. टॉवरवाले कोन बगत असतील तर ऐका. ती खाव नका. घरातल्या म्हाताऱ्यांना बिलकूल देव नका. तो नंबर टाकून द्या.”

समालोचकाचा हात माइककडे आला. तिने माइक दुसऱ्या हातात घेतला.

“एक राहिला. सत्कार चुकीच्या मानसाचा झाला. नंबर मी दिला नाय. मी धक्क्यावर जाली धुवत होते, तवा माज्या फोनवरून तो माज्या नवऱ्यानं दिला. मान त्यांचा हाय.”

ती पायऱ्या उतरली.  कॅमेरावाल्याला काय चाललंय ते कळत नव्हतं, पण शाल हलली की कॅमेरा हलवायचा एवढी त्याची सवय होती. तो तिच्या मागोमाग आला. पुढच्या रांगेत जाऊन दमयंतीने आपल्या खांद्यावरची शाल काढली आणि देवजीच्या खांद्यावर घातली. जर्सीवरचं नाव शालीखाली झाकलं गेलं. मग तिने नारळ पुढे केला.

देवजी उभा राहिला. बायकोने भर गावात आपलं काय केलं, ते त्याच्यापर्यंत अजून पोचायचं होतं. समोर शाल होती, नारळ होता, कॅमेरा होता. त्याने किंचित वाकून नारळ दोन्ही हातांनी घेतला आणि कपाळाला लावला. आणि मागच्या खुर्च्यांवरून, शाल घातली की वाजवायच्या म्हणून, टाळ्या पडल्या.

दमयंती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने हात लुगड्याला पुसले आणि ती मंडपाबाहेर पडली.